समजेल अशा भाषेत कागद

माझी मावशी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ऐंशीच्या घरात. घरात मराठी, बाजारात भाव करताना कन्नड, दोन्ही सारख्याच जोरात. वाचता मात्र कन्नड येत नाही. दोनेक वर्षांपूर्वी तिला एका सरकारी कार्यालयातून पाकीट आले. म्हातारपणाच्या पगाराचे काही कागद पुन्हा द्यायचे होते. नात कन्नड शाळेत आठवीला. संध्याकाळी शाळेतून आल्यावर तिने पत्र खडाखडा वाचले आणि सांगितले, "आज्जी, कागद द्यायला अवकाश दिलाय."

"अवकाश आहे न्हवं? मग कशाला धावपळ? सुगी झाल्यावर बघू," असे म्हणत मावशी चुलीकडे गेली. शेवटच्या ओळीतली तारीख वाचायची राहिली, पत्र देवाच्या फोटोमागे गेले.

कन्नडमधला 'अवकाश' म्हणजे संधी. मराठीतला 'अवकाश' म्हणजे अजून वेळ आहे, सवड आहे. संधीची तारीख निघून गेली, पगार थांबला आणि तो पुन्हा सुरू व्हायला चार महिने हेलपाटे घालावे लागले. पत्रात चूक नव्हती. नातीच्या वाचण्यात चूक नव्हती. मावशीच्या मराठीतही चूक नव्हती. तरी नुकसान झाले ते झालेच.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. राज्यघटनेचे बाविसावे कलम शिकवायला घेतले की मला हे पत्र आठवते. कारण सरकारी कागदांमध्ये एक कागद असा आहे की, तो आला तर पगार थांबत नाही, माणूसच घरातून उचलला जातो. देशाच्या सुरक्षेसाठी म्हणून एखाद्याला स्थानबद्ध करताना त्याला जो कागद दिला जातो, तो हा. तो कोणत्या भाषेत असावा, किती दिवसांत द्यावा, त्याला उत्तर कोणी आणि किती दिवसांत द्यावे, यावर आपल्या देशात गेली सत्तर वर्षे न्यायालयांत वाद झालेले आहेत. दोन भाषांत जगणाऱ्या आपल्यासारख्या घरांना तो विषय परका वाटू नये.

दोन कायदे, एक खाते

आधी एक गोंधळ दूर करू. वर्तमानपत्रांत 'रासुका' आणि 'यूएपीए' ही दोन नावे बऱ्याचदा एका दमात येतात. दोन्ही कायदे चालवणारे खाते एकच, ते म्हणजे केंद्रात गृह मंत्रालय आणि राज्यात गृह खाते, ज्याला आपल्या कर्नाटकात 'ओळाडळित इलाखे' म्हणतात. पण दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

रासुका म्हणजे १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा. यात खटला नसतो. माणसाने काही केले म्हणून त्याला शिक्षा देण्याचा हा कायदा नाही, तो पुढे काही करील अशी भीती वाटते म्हणून त्याला अडवून ठेवण्याचा आहे. यूएपीए म्हणजे १९६७ चा बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा. यात गुन्हा नोंदवला जातो, तपास होतो, आरोपपत्र येते, खटला चालतो. दहशतवादाविषयीची कलमे त्यात २००४ साली घातली गेली. त्याआधी १९८५ ते १९९५ 'टाडा' आणि २००२ ते २००४ 'पोटा' असे वेगळे कायदे होते. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर यूएपीए अधिक कडक झाला आणि राष्ट्रीय तपास यंत्रणा, म्हणजे एनआयए, स्थापन झाली. २०१९ पासून केवळ संघटनेलाच नव्हे, तर एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी म्हणून जाहीर करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला.

खटल्याविना माणसाला अडवण्याची रीत आपल्याकडे इंग्रजांच्या अमदानीपासूनची. १८९७ साली पुण्यात रँडचा खून झाल्यावर नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली चौकशीविना डांबले गेले, ते मराठी वाचकांना ठाऊक असेल. स्वातंत्र्यानंतर ही रीत गेली नाही. घटना समितीने ती ठेवली, पण तिला दावे लावले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये आज ज्याला आपण बाविसावे कलम म्हणतो ते मांडले. एकविसाव्या कलमात व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण अपुरे राहिले अशी टीका होत होती. ती उणीव काही अंशी भरून निघावी हा त्यांचा हेतू होता. या कलमाच्या पाचव्या पोटकलमाचा गाभा साध्या शब्दांत असा की, ज्याला स्थानबद्ध केले त्याला कारणे होईल तितक्या लवकर कळवा आणि त्यावर आपले म्हणणे मांडायची संधी लवकरात लवकर द्या.

'कळवा' हा शब्द बघायला सोपा आहे. पण कळवणे म्हणजे नेमके काय? कागद हातात दिला म्हणजे कळवले का?

नागपूरचा हरिकिसन

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तो महाराष्ट्रातून. राज्य स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते. १९६१ मध्ये नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी हरिकिसन नावाच्या एका नागपूरकराला स्थानबद्ध केले. तेव्हा १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा लागू होता. हुकूम आणि कारणे दोन्ही इंग्रजीत. हरिकिसनला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदीत प्रत मागितली. ती मिळाली नाही. सरकारचे म्हणणे असे की, इंग्रजी ही कारभाराची भाषा आहे आणि कागद देताना पोलीस अधिकाऱ्याने त्याला तो हिंदीत समजावून सांगितला आहे, तेवढे पुरे.

उच्च न्यायालयात हरिकिसन हरला. सर्वोच्च न्यायालयात १९६२ साली जिंकला. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांच्या घटनापीठाने सांगितले की, कारभाराची भाषा इंग्रजी असली म्हणून प्रत्येक माणसाला इंग्रजी येते असे होत नाही. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यापुढे इंग्रजी कागद ठेवला किंवा तोंडी भाषांतर ऐकवले, तर त्याला उत्तर देण्याची खरी संधी मिळत नाही. कारणे त्याला समजेल अशा भाषेत, त्याला कळतील अशा लिपीत हवीत.

हा मुद्दा आपल्या घरांत पटवून द्यायला लागत नाही. हिंदी, मराठी, कन्नड बोलता येणे आणि त्या लिपीतला कागद वाचता येणे या दोन गोष्टी निराळ्या, हे मावशीच्या घरात रोज दिसते. तोंडी ऐकलेले किती लक्षात राहते? आणि ज्याच्या हातात बेड्या आहेत त्याच्या लक्षात किती राहत असेल?

पुढच्या काळात ओरिसातून असेच प्रकरण आले. कटकच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी एका उडियाभाषक माणसाला टंकलिखित चौदा पानांचा इंग्रजी कागद दिला. त्यात तेरा वर्षांतल्या घटना आणि कोर्टातल्या अनेक प्रकरणांचे उल्लेख होते. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने विचारले की, एवढे सगळे एकदा तोंडी सांगितल्याने कोणाला कसे कळणार? उडिया भाषांतर वेळेत दिले नाही, म्हणून तो हुकूम टिकला नाही. १९८१ साली गुजराती माणसाच्या बाबतीत पुन्हा तेच. इंग्रजी कागद देऊन गुजरातीत तोंडी समजावले होते. न्यायालय म्हणाले, 'कळवणे' हा जड शब्द आहे, त्यात लेखी भाषांतर येते.

फाईलचे पंचांग

हा कागद ज्या वाटेने जातो ती वाट आता पाहू. कारण या कायद्यात माणसाचे संरक्षण वकिलाच्या भाषणापेक्षा फाईलवरच्या तारखांत जास्त आहे.

रासुकाचा हुकूम केंद्र किंवा राज्य सरकार काढू शकते. राज्याने अधिकार दिला असेल तर जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपण ज्यांना डीसी साहेब म्हणतो ते, किंवा पोलीस आयुक्तही काढतात. अधिकाऱ्याने हुकूम काढला की ताबडतोब राज्य सरकारला कळवायचे. सरकारने बारा दिवसांत मान्यता दिली नाही तर हुकूम आपोआप पडतो. मान्यता दिली तर सात दिवसांत केंद्राला कळवायचे. स्थानबद्ध माणसाला कारणे साधारणपणे पाच दिवसांत द्यायची. तीन आठवड्यांच्या आत प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवायचे. या मंडळात तिघे असतात, अध्यक्ष उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश. मंडळाने सात आठवड्यांच्या आत आपले मत द्यायचे. 'पुरेसे कारण नाही' असे मंडळाने म्हटले तर सरकारला माणूस सोडावाच लागतो. 'आहे' म्हटले तर जास्तीत जास्त बारा महिने ठेवता येते.

पाच, बारा, सात, तीन आठवडे, सात आठवडे. मी वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिते, तेव्हा मुले वहीत उतरवतात आणि विसरतात. पण आतल्या माणसाला यातला प्रत्येक आकडा मोजून घ्यावा लागतो. कारण त्याला खटला नाही, साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही. मंडळापुढे वकील उभा करण्याचा हक्कही या कायद्यात नाही. त्याच्याजवळ आहे तो एक कागद, त्यावरचे आपले लेखी उत्तर आणि त्या उत्तराची वाट पाहणे.

महाराष्ट्राचा १९८१ चा, लोकांच्या तोंडी 'झोपडपट्टीदादा कायदा' म्हणून रूढ झालेला एमपीडीए आणि कर्नाटकाचा १९८५ चा गुंडा कायदा, हे दोन्ही याच जातीचे आहेत. दोन्हींत खटल्याविना अडवणे, सल्लागार मंडळ, लेखी कारणे हा सांगाडा आहे. एमपीडीएच्या एका प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारची मान्यता येईपर्यंत हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेही दाद मागता येते आणि हे त्या माणसाला कळवलेच पाहिजे.

कागदच नको, असे ठरले तेव्हा

कागदाला एवढे महत्त्व का द्यायचे, असे कोणी विचारले तर मी आणीबाणीचे उदाहरण देते, आणि ते आपल्याच राज्यातले आहे.

२६ जून १९७५ रोजी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि मधु दंडवते हे खासदार संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला आलेले होते. तिथेच त्यांना अटक झाली. कायदा होता १९७१ चा 'मिसा'. तीनच दिवसांनी वटहुकूम निघाला आणि अशा स्थानबद्धांना कारणे कळवण्याची गरजच राहिली नाही. म्हणजे भाषेचा प्रश्न संपला, कारण कागदच संपला. आपल्याला का धरले हे विचारायचे नाही आणि सांगायचेही नाही.

कोकणातल्या राजापूरचे खासदार दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई पुण्याच्या येरवड्यात. दोघांचा संसार त्या काळात पत्रांवर चालला. सरकारकडून एक कागद मिळत नव्हता, तर नवरा-बायको दोन तुरुंगांतून एकमेकांना कागद लिहीत होते.

स्थानबद्धांना उच्च न्यायालयात दाद मागता येते की नाही, हे प्रकरण एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. जबलपूरच्या नावाने ते ओळखले जाते. चार न्यायमूर्तींनी 'नाही' म्हटले. एकट्या न्या. हंसराज खन्नांनी विरोधी मत दिले. बहुमतात पुण्याचे न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते. १९७८ मध्ये मिसा रद्द झाला आणि २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो जबलपूर निकालही मोडीत काढला. त्या पीठात यशवंतरावांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते आणि वडिलांचा निकाल चुकीचा होता, असे त्यांनीच लिहिले.

यशवंतरावांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९८० चा रासुका आला, तेव्हा धनबादचे खासदार ए. के. रॉय यांनी त्याला आव्हान दिले. डिसेंबर १९८१ मध्ये निकाल लागला तेव्हा यशवंतराव सरन्यायाधीश होते. कायदा टिकला. पण निकालात घरच्यांसाठी काही गोष्टी ठरवून दिल्या गेल्या. माणसाला ताब्यात घेतल्यावर लगेच घरच्यांना, शक्यतो आईवडील, मुले किंवा पती-पत्नी यांना, लेखी कळवावे. कुठे ठेवले आहे तेही कळवावे. शक्यतो त्याच्या नेहमीच्या राहत्या भागात ठेवावे. त्याला स्वतःचे कपडे, पुस्तके, लिहायचे साहित्य, घरचे जेवण मिळावे, भेटी व्हाव्यात, शिक्षा झालेल्या कैद्यांत त्याला मिसळू नये. आणि वकील मिळत नसला तरी मंडळापुढे बाजू मांडायला मित्राची मदत घेता यावी. हे शेवटचे मला फार महत्त्वाचे वाटते. घाबरलेल्या माणसाच्या शेजारी दोन्ही भाषा जाणणारे आपले कोणीतरी बसले, तर अर्धे काम होते.

सारखे शब्द, वेगळे अर्थ

आपण म्हणू, इथे कोणाला कन्नड येत नाही? कानावर तर रोज पडते. खरे आहे. कोर्टकचेरीचे कितीतरी शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ तेच आहेत. अर्ज, जामीन, पंचनामा, आरोपी, कैदी. त्यामुळेच वाचल्यासारखे, समजल्यासारखे वाटते आणि तिथेच पाय घसरतो.

'बंधन' घ्या. मराठीत बंधन म्हणजे मर्यादा, नाहीतर राखीचे, मायेचे बंधन. कन्नडमध्ये बंधन म्हणजे चक्क अटक. 'अनुमान' घ्या. मराठीत अनुमान म्हणजे पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष. कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय. पोलिसांच्या कागदात 'अनुमान' आहे असे वाचून मराठी माणसाला वाटेल, यांनी काहीतरी सिद्ध केले आहे. प्रत्यक्षात त्यांनी संशय घेतला आहे. आणि 'अवकाश'. घटनेने ज्या 'संधी'बद्दल हमी दिली, तीच कन्नडमध्ये 'अवकाश' होते आणि मराठी कानाला 'घाई नाही' असे सांगते. स्थानबद्धतेच्या कागदात हे तीनही शब्द एका पानावर येऊ शकतात.

हा कोणत्याही भाषेचा दोष नाही. कन्नड घरातला मुलगा पुण्यात किंवा सोलापुरात असेल आणि त्याच्या हाती मराठी कागद पडेल, तेव्हा त्याचीही हीच फसगत होईल. म्हणून नियम भाषेचा अभिमान सांगत नाही, माणसाची समज पाहतो. त्याला जी लिपी वाचता येते त्या लिपीत द्या, एवढेच.

उलट दिशेनेही घटनेने सोय केली आहे. ३५० व्या कलमाप्रमाणे कोणीही आपले गाऱ्हाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे केंद्रात वा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देऊ शकतो. कर्नाटकात स्थानबद्ध झालेल्याने आपले उत्तर मराठीत लिहिले तर ते मराठीत आहे म्हणून परत करता येत नाही.

दवंडी, मंजुरी आणि अटकेची कारणे

यूएपीएकडे वळू. एखादी संघटना बेकायदा म्हणून जाहीर झाली की ते राजपत्रात छापून भागत नाही. कायदा म्हणतो, दैनिक वर्तमानपत्रात छापा आणि शिवाय संघटनेच्या कार्यालयावर प्रत चिकटवा, किंवा पदाधिकाऱ्यांना द्या, किंवा त्या भागात ढोल वाजवून अथवा ध्वनिक्षेपकावरून जाहीर करा. म्हणजे आपली दवंडी, कन्नडमधला डंगुर! १९६७ च्या या कायद्यात ती अजून आहे. त्यामागचा विचार जुनाच आहे. ज्या गोष्टीने उद्या माणूस गुन्हेगार ठरू शकतो, ती त्याच्या कानावर आधी पडली पाहिजे. बंदी जाहीर झाल्यावर तीस दिवसांत सरकारला उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या न्यायाधिकरणापुढे जावे लागते आणि ते सहा महिन्यांत बंदी योग्य की अयोग्य ते सांगते.

या कायद्यात जामीन मिळणे फार अवघड आहे. आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते. वर्षानुवर्षे खटला सुरूच झाला नाही, तर घटनेने दिलेला हक्क पाहून न्यायालय जामीन देऊ शकते, असे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. म्हणून खटल्याला सरकारची मंजुरी लागते ही अट मोलाची ठरते. तपासात मिळालेला पुरावा आधी एक स्वतंत्र अधिकारी पाहतो. त्याने कामकाजाच्या सात दिवसांत शिफारस करायची आणि पुढच्या सात दिवसांत सरकारने मंजुरीचा निर्णय घ्यायचा. ही मुदत पाळली नाही तरी चालते का, यावर उच्च न्यायालयांची मते वेगवेगळी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ही मुदत काटेकोर पाळायची.

त्याच वर्षी मे महिन्यात एका संपादकाच्या प्रकरणात, यूएपीएखाली अटक करताना अटकेची कारणे लेखी द्यायलाच हवीत असे न्यायालयाने ठरवले. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात पुढचे पाऊल पडले. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची. तातडीमुळे लगेच शक्य नसेल तर आधी तोंडी सांगावे, पण कोठडीसाठी न्यायाधीशापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. १९६१ साली नागपूरच्या एका माणसाने जे मागितले, ते आता साध्या अटकेपर्यंत येऊन पोचले.

मग सुरक्षेचे काय?

वर्गात एखादा विद्यार्थी उभा राहतोच. "मॅडम, भाषांतर नाही म्हणून बॉम्बवाल्याला सोडायचं काय?" प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या घरातले माणूस स्फोटात गेले, त्यांनी तर तो विचारायलाच हवा.

दोन गोष्टी सांगते. पहिली, न्यायालये डोळे मिटून सोडत नाहीत. १९८५ साली कोचीनच्या सोनेतस्करीच्या प्रकरणात एका गुजराती गृहस्थाने 'मला इंग्रजी येत नाही' म्हटले. मुले बरोबर, मुलांना इंग्रजी येते, याने स्वतः इंग्रजी कागदांवर सह्या केलेल्या. न्यायालयाने ऐकले नाही. शिवाय ज्या गोष्टी उघड केल्याने सार्वजनिक हिताला धोका आहे, त्या न सांगण्याची मुभा बाविसाव्या कलमातच आहे. खबऱ्याचे नाव कोणी मागत नाही.

दुसरी गोष्ट, भाषांतर करणे हे काही अवघड काम नाही. आपल्या जिल्ह्यात दोन्ही भाषा जाणणारे शिक्षक, कारकून, वकील गल्लोगल्ली आहेत. हुकूम तयार व्हायला जे दिवस लागतात त्यांतच भाषांतर होऊ शकते. ते झाले नाही म्हणून हुकूम पडला, तर त्याचा दोष टेबलावर बसलेल्याकडे जातो. २०२१ साली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, बनावट रेमडेसिविरच्या प्रकरणात जबलपूरच्या एका इस्पितळाच्या संचालकाला रासुकाखाली ठेवले होते. आरोप ऐकून कोणाचेही रक्त तापेल. पण त्याच्या निवेदनावर राज्य सरकारने वेळेत निर्णय घेतला नाही आणि नकार झाल्याचे दोन्ही सरकारांनी त्याला वेळेत कळवलेही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हुकूम रद्द केला. गुन्ह्याचा खटला वेगळा, तो त्याच्या वाटेने चालतो. पडली ती खटल्याविना डांबण्याची मुभा.

ही मुभा फार मोठी आहे. खटल्याशिवाय वर्षभर माणूस आत ठेवता येतो. एवढी सत्ता हातात देताना घटनेने बदल्यात काय मागितले? वेळेत कारणे, समजेल अशा भाषेत, आणि वेळेत उत्तर. एवढेही ज्या खात्याला जमत नसेल, त्याने आतल्या माणसाविषयीचा आपला अंदाज बरोबर आहे असे कशाच्या जोरावर सांगावे?

घरात ठेवण्यासारखे

देव करो आणि कोणाच्या घरी असा कागद न येवो. पण आलाच, तर तो आला ती तारीख आणि वेळ लिहून ठेवा. पाने मोजा, अस्पष्ट पाने वेगळी नोंदवा. भाषा कळत नसेल तर तसे लेखी कळवून भाषांतर मागा, सही करावी लागली तर तीही आपल्या लिपीत करा. उत्तर हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याला, राज्याला आणि केंद्राला, तिघांनाही पाठवा आणि पोच जपा. वकिलाकडे जाताना या तारखा बरोबर न्या.

परवा मावशीकडे गेले होते. नात आता दहावीला आहे. पुन्हा एक पाकीट आले होते, साधेच, घरपट्टीचे. तिने वाचायला घेतले आणि मध्येच थांबून मला विचारले, "आत्या, इथं 'अवकाश' आहे. ह्याला आज्जीला काय सांगू?"

"संधी सांग," मी म्हटले. "आणि तारीख आधी वाच."

मावशी चुलीपाशी होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत तिथेच बसून राहिली.